गिअरबॉक्सची ब्लड टेस्ट?

दिवाळीची सुट्टी संपवून बीडहून मांजरसुंब्यामार्गे पुण्याला परतताय. घाटाची चढण, पुढे ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरांची रांग, एसी फुल आणि आपली ऑटोमॅटिक मुंगीच्या पावलांनी. तुमच्याही आधी कोण तापतं? गिअरबॉक्समधलं तेल!

मग सर्व्हिसिंगला काढलेलं तेल लॅबला पाठवायचं का? लॅब त्यात लोखंड, तांबं, अॅल्युमिनियम किती पीपीएम ते सांगते. शिवाय तेल किती पातळ झालंय, पाणी आहे का, हेही. भारी वाटतं ना! पण एकाच रिपोर्टवरून फारसं कळत नाही. आकडे दर वेळी किती चढतात, ते बघायचं असतं. वीजकेंद्रात ट्रान्सफॉर्मरचं तेल नियमित तपासतात, कारण तिथला बिघाड भलताच महाग. तुमच्या मॅन्युअल हॅचबॅकला तेलच लागतं दोनेक लिटर. टेस्टचे पैसे सरळ नव्या तेलात घाला की राव!

फुकटची टेस्ट मात्र सोडू नका. ड्रेन प्लगच्या लोहचुंबकावर करडा, मऊ लेप दिसला तर नॉर्मल. चकचकीत तुकडे दिसले तर गाडी बाहेर काढू नका. तेल दुधाळ म्हणजे पाणी शिरलंय. ऑटोमॅटिकचं लाल तेल काळं पडून जळका वास येत असेल तर लॅब कशाला हवी?

हां, जास्त पळालेली सेकंडहँड ऑटोमॅटिक घेत असाल तर टेस्ट कराच. सॅम्पल गरम तेलाचं, मधल्या धारेचं, कोरड्या बाटलीत. आणि तेल नुकतंच बदललंय का, हे मालकाला आधी विचारा. नव्या तेलाचा रिपोर्ट छानच येतो!