तापलेले इंजिन, थंड पाणी

पावसाळ्यात माणगावहून ताम्हिणी घाट चढणारा मोटारसायकलस्वार बराच वेळ मुसळधार पावसात असतो. चढावर इंजिन चांगलेच तापलेले असते. हेडजवळचे तापमान दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकते. वरून पडणारे पाणी असते जेमतेम पंचवीस अंशांचे. फिन्सवरून वाफ उठते, पण गाडी मुळशीला पोहोचते आणि दुसऱ्या दिवशी बिनतक्रार परतही निघते. तरी ‘गरम इंजिनवर पाणी टाकू नका, ब्लॉक तडकेल’ हा इशारा गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येतो. तो निराधार नाही. मात्र त्यातली भीती भलत्याच जागी जाऊन बसली आहे.

ज्यांच्या घरी बिडाचा तवा आहे, ते तो चुलीवरून उतरवून लगेच पाण्याखाली धरत नाहीत. बीड ठिसूळ असते. वरचा थर एकदम आक्रसतो, आतला तापलेलाच राहतो, आणि ही ओढाताण सहन न होऊन धातूला तडा जातो. जुन्या बुलेटचा सिलिंडर याच बिडाचा असे. त्या काळात गाड्या हाताळलेल्या मिस्त्रींनी दिलेली ताकीद त्या धातूपुरती योग्यच होती. आजच्या बहुतेक एअर-कूल्ड गाड्यांचा ब्लॉक मात्र ॲल्युमिनियमचा असतो, आत लोखंडी स्लीव्ह. ॲल्युमिनियम बिडाच्या दुप्पट-तिप्पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे आतबाहेरच्या तापमानात मोठी तफावत फार काळ टिकत नाही. शिवाय ते बिडापेक्षा कमी ठिसूळ असते. ॲल्युमिनियमचे अनेक ओतीव भाग तर कारखान्यातच ५०० अंशांच्या वर तापवून पाण्यात बुडवले जातात, आणि तेही मजबुती वाढावी म्हणून. दीडशे अंशांच्या फिनवर पडलेली पावसाची सर या धातूला नवी नाही.

खरा विचार करायचा तो पिस्टनचा. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट काही शतांश मिलिमीटर एवढीच असते. ५० मिलिमीटर व्यासाचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर एकदम ५० अंशांनी थंड झाला, तर त्याचा व्यास सुमारे ०.०६ मिलिमीटरने कमी होतो. लोखंडी स्लीव्हमुळे प्रत्यक्षातला फरक याहून कमी भरतो, तरी फट आणि आकुंचन एकाच मापाच्या घरात येतात. म्हणजे चालू इंजिन कडक तापलेले असताना त्यावर बादलीभर पाणी ओतले, तर सिलिंडर आक्रसेल, आतला पिस्टन मात्र गरम आणि फुगलेलाच राहील. घासण्याची, क्वचित सीझ होण्याची शक्यता उरते. पावसात असे घडत नाही, कारण पाणी थोडेथोडे पडते, इंजिन सतत नवी उष्णता देत असते आणि सगळे भाग हळूहळू एकाच वेळी निवतात. पाऊस आणि बादली यांत हा फरक आहे, आणि तो लक्षात ठेवण्याजोगा आहे.

म्हणूनच गाडी वॉशिंगला नेल्यावर वीसेक मिनिटे उभी ठेवणे शहाणपणाचे. बाहेर गर्दी असली तरी वॉशिंग सेंटरवाल्यांनी गरम गाडीवर प्रेशरचा पाइप धरू नये, असे आम्हाला आग्रहाने सांगावेसे वाटते. त्यात तडकण्याच्या धोक्यापेक्षा दुसरे नुकसान अधिक होते. जोराच्या धारेने पाणी प्लगच्या कॅपमध्ये, वायरिंगच्या जोडांत आणि चाकांच्या बेअरिंगमध्ये घुसते, आणि मग आठवड्याभराने गाडी मिसिंग करू लागते.

पाण्याने इंजिन कायमचे निकामी होते ते बाहेरून नव्हे, आतून. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा वेळी एअर फिल्टरवाटे पाणी सिलिंडरमध्ये शिरते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. १०० सीसीच्या इंजिनात पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा साधारण ११ मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन चमचे. त्याहून अधिक पाणी आत असताना सेल्फ मारला, तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. गुडघाभर पाण्यात गाडी बंद पडली की घाबरून पुन्हा पुन्हा स्टार्टर दाबला जातो, आणि नुकसान तिथे होते. गाडी ढकलत कोरड्यावर आणावी, प्लग काढून हलकेच किक मारत आतले पाणी बाहेर पडू द्यावे, एअर फिल्टर उघडून पाहावा. ऑइल दुधाळ दिसले, तर ते बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नये.