खुर्ची बदलली, कारभार तोच!

जून 2020. जळगावच्या शासकीय रुग्णालयातून बेपत्ता झालेल्या एका वृद्ध कोरोनाबाधित महिलेचा मृतदेह आठ दिवसांनी त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात सापडला आणि अवघा महाराष्ट्र हादरला. शासनाने अधिष्ठात्यांसह काही जणांना निलंबित केले. थोड्याच दिवसांत जिल्हाधिकारीही बदलले. दोषींवर कारवाई हवीच, त्याबद्दल दुमत नाही. पण प्रत्येक पाळीत रुग्णांची गणती कोणी करावयाची, रिकामी खाट दिसताच कोणास कळवावयाचे, हे बदलीच्या आदेशाने ठरते काय? निलंबन आणि बदली, राज्यकर्त्यांच्या बटव्यात ही दोनच औषधे. रोग कोणताही असो!

वास्तविक औषध कायद्यातच आहे. बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा 2005 चा राज्याचा कायदा 1 जुलै 2006 पासून अमलात आला. एका पदावर सर्वसाधारणपणे तीन वर्षे आणि एका टेबलावर फाईल जास्तीत जास्त सात कामाचे दिवस, असा हा दुहेरी करार आहे. कर्मचाऱ्याला स्थैर्य, जनतेला गती! पण विशेष कारण नोंदवून मुदतपूर्व बदली करण्याची पळवाट त्याच कायद्यात ठेवली गेली आणि अपवादालाच नियमाची कळा आली. सात दिवसांचे कलम मात्र कपाटातच राहिले.

या अस्थैर्याची किंमत काय असते, हे खानदेशाने पाहिले आहे. जळगावच्या घरकुल योजनेत ठेकेदाराला कोट्यवधींचे अग्रिम दिले गेले, घरे अपुरी राहिली. फेब्रुवारी 2006 मध्ये तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दाखल केली. धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 31 ऑगस्ट 2019 रोजी माजी मंत्र्यांसह 48 जणांना दोषी ठरविले. प्रकरण पुढे अपिलात गेले. फिर्यादीपासून निकालापर्यंत 13 वर्षे! ती रक्कम हातातून जाण्यापूर्वीच एखाद्या टिपणीवर ‘देय नाही’ असे ठामपणे लिहिले गेले असते तर? पण नकार लिहिणाऱ्याला आपली खुर्ची उद्या राहील याची शाश्वती कोण देणार? ज्याची बदली पुढाऱ्याच्या दूरध्वनीवर ठरते, तो कर्मचारी नियमांपेक्षा नजरा वाचावयास शिकतो.

2025 मध्ये राज्याने कार्यालयीन सुधारणांसाठी 100 आणि नंतर 150 दिवसांच्या मोहिमा राबविल्या. संकेतस्थळे सजली, कार्यालये झाडली गेली. हे स्वागतार्हच आहे. परंतु भिंतींना रंग दिल्याने आत बसलेल्या माणसाचे भय जात नाही.

शिवछत्रपतींनी कारभाऱ्यांना वतनांऐवजी रोख वेतन देण्याचा दंडक घातला, कारण पद ही मिरास नव्हे हे त्यांनी ओळखले होते. आज बदल्यांचा अधिकार हेच नवे वतन झाले आहे. ते मोडावयाचे तर मुदतपूर्व बदलीचे कारण कार्यालयाच्या फलकावर लागले पाहिजे. पदभार सोपविताना अपुऱ्या कामांची लेखी यादी नव्या अधिकाऱ्याच्या हाती पडली पाहिजे. आणि आठव्या दिवशी फाईल अडविणाऱ्याला, मग तो कितीही मोठा असो, जाब विचारला गेला पाहिजे.

साक्रीचा शेतकरी रोजगार बुडवून धुळ्याला येतो, रावेरचा केळी उत्पादक जळगावची पायरी चढतो. ‘साहेब नवीन आहेत, पुढच्या आठवड्यात या,’ हे उत्तर त्याने आणखी किती पिढ्या ऐकावयाचे?