कावीळ दिसण्यापूर्वी
थायलंडमधील वाट थाम क्राबोक येथून 2004 पासून जे हमोंग जमातीचे निर्वासित अमेरिकेतील मिनेसोटा, कॅलिफोर्निया आदी राज्यांत आश्रयास आले, तशा नवागतांच्या बाबतीत आरोग्यखात्याने डोळे पिवळे होण्याची वाट पाहत बसणे मला सर्वथा अनुचित वाटते. कारण कावीळ घडवणारा हिपॅटायटिस-ए चा विषाणू शरीरात शिरल्यावर लक्षणे उमटण्यास 15 ते 50 दिवस लागतात, आणि सहा वर्षांखालील बालकास तर बहुधा कावीळ होतच नाही. असे बाधित पण हसतेखेळते मूल शौचाहून येऊन हात न धुता सामायिक भातात बोटे घालते, आणि अंथरूण धरतो तो अमेरिकेतच जन्मलेला, लस न टोचलेला त्याचा तरुण मामा! म्हणून एक रुग्ण आढळताच रक्तातील आयजीएम प्रतिपिंडे तपासावीत, सहवासितांना दोन आठवड्यांच्या आत लस द्यावी. आणि हे सारे कुळातील वडीलधाऱ्यांना विश्वासात घेऊन हमोंग भाषेत समजवावे, केवळ इंग्रजी कागदावर सही घेऊन भागवू नये.