किल्लीमागचा दोष

पहाटे माल भरून पिकअप उभी असते, किल्ली फिरवली जाते आणि गाडी निःशब्द राहते. दोन-चार प्रयत्नांनंतर ती सुरूही होते. अशा वेळी बहुतेक पेढ्यांवर प्रथम बॅटरी बदलली जाते, मग स्टार्टर उतरवला जातो आणि शेवटी बोल ड्रायव्हरला बसतो. जुन्या गाडीत खरा दोष पुष्कळदा किल्लीमागच्या इग्निशन स्विचमध्ये असतो.

किल्लीचे कुलूप आणि विजेचा स्विच हे दोन निराळे भाग आहेत. किल्ली सहज फिरते, एवढ्यावरून स्विच निर्दोष ठरत नाही. वर्षानुवर्षांच्या वापराने आतील संपर्कबिंदू झिजतात, करपतात आणि प्रवाह मध्येच तुटतो.

परीक्षा क्रमाने करावी. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा. बॅटरीची टोके स्वच्छ व घट्ट आहेत का, हे पाहावे. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी गाडी बंद असताना सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. नंतर हेडलाइट लावून किल्ली ‘स्टार्ट’वर न्यावी. दिवे एकदम मंदावले, तर संशय बॅटरी, तिच्या जोडण्या वा स्टार्टरवर जातो. दिवे तसेच राहून स्टार्टर गप्प असेल, तर बहुधा त्याच्यापर्यंत वीजच पोहोचत नाही.

आता मिस्त्रीने मल्टिमीटरने आवक-जावक ताडून पाहावी. स्विचच्या आवक तारेवर पूर्ण व्होल्टेज आहे, पण ‘स्टार्ट’वर जावक तारेवर ते नाही किंवा किल्ली हलवताच कमीजास्त होते, तर स्विच बदलावा. जावक ठीक असून स्टार्टरच्या लहान तारेवर व्होल्टेज नसेल, तर मधली तार वा रिले तपासावा. तेथेही ते पोहोचत असेल, तर दोष स्टार्टरचा.

चालत्या गाडीत हा दोष जिवावर बेततो. इंजिन बंद पडताच पॉवर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारे साहाय्य संपत जाते. 2014 साली अमेरिकेत जनरल मोटर्सने सदोष इग्निशन स्विचमुळे लाखो मोटारी परत बोलावल्या. किल्ली जागेवरून सरकून इंजिन बंद पडे आणि अपघातात एअरबॅगही उघडत नसत. दुरुस्ती होईपर्यंत मालकांना सूचना होती, की जुडग्यातील इतर सर्व वस्तू काढून केवळ गाडीची किल्ली वापरावी.

दुकान, गोदाम आणि तिजोरीच्या किल्ल्यांचा भार गाडीच्या किल्लीवर टाकणाऱ्यांनी ही सूचना ध्यानी घ्यावी. स्विच टाळून थेट तारा जोडण्याचा स्वस्त उपाय करू नये. त्यात आगीचा धोका असतो. आणि मीटरने दोष कोठे आहे हे दाखवेपर्यंत तो ड्रायव्हरच्या खाती मांडू नये.