नागसेनवनातलं 'वन' आपण कुठं हरवलं?



आपल्या शहरात 'बोटॅनिकल गार्डन' म्हटलं की डोळ्यांसमोर येतं सिडको एन-८. सकाळी फिरणारे, रविवारी लेकरंबाळं. चांगलंच आहे. पण अशी बाग मुळात करमणुकीसाठी जन्मली नाही. इटलीतल्या पादुआ विद्यापीठासाठी १५४५ साली ती उभी राहिली, ती वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती नेमक्या ओळखता याव्यात म्हणून. म्हणजे ही बाग एक पुस्तक आहे. आणि पुस्तक म्हटलं की आपला जुना प्रश्न येतो: ते वाचायची मुभा कुणाला?

या शहरात बागांची कमी कधीच नव्हती. हिमायत बाग मोगलांच्या काळातली, आज तिथे परभणीच्या कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. मकबऱ्याची चारबाग तर जगाला माहीत. बादशहांची नावं राहिली, खड्डे खणणाऱ्यांची आणि पाणी घालणाऱ्यांची कुणी लिहिली नाहीत. ज्याच्या नहरीनं या शहराला पाणी दिलं तो मलिक अंबर लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी होता, हेही आपल्या किती पोरांना ठाऊक आहे?

मग १९५० साल. निजामी राजवट जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती. बाबासाहेबांनी इथं कॉलेज सुरू केलं. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. कॉलेजला नाव मिलिंद, परिसराला नागसेनवन. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू. 'नगर' नाही, 'वन'! वेळुवन, जेतवन, आम्रवन ही बुद्धाच्या शिकवणीची ठिकाणं ज्याला माहीत आहेत, त्याला हे नाव उगाच वाटणार नाही.

आणि आपण काय करतो? जयंतीला पिंपळाचं रोप, दहा हात, एक फोटो. तेही भिंतीला खेटून नाहीतर विजेच्या तारेखाली. जगलंच तर चार वर्षांनी फांद्या तोडायला आपणच अर्ज करतो. मी स्वतः अशी दोन रोपं लावलीत. एकही जगलं नाही. उन्हाळ्यात पाणी घालायला मी गेलोच नव्हतो.

कुणी म्हणेल, शिष्यवृत्ती अडकलीय, प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, अत्याचार थांबत नाहीत आणि तुम्हाला झाडं सुचतात! अरे, ती लढाई सोडा असं कोण म्हणतंय? पण नीटसाठी 'फायकस रिलिजिओसा' पाठ करणारा आपलाच पोरगा पिंपळाखालून जातो आणि ते हेच झाड आहे हे त्याला सांगायला एक पाटी नसेल, तर शिक्षणाचा हक्क कागदावरच राहतो. उलट ज्या आयांनी दुसऱ्याच्या रानात निंदणी-खुरपणी केली, त्यांना तरोटा, घोळ, पाथरी, कुर्डू डोळे झाकून ओळखू येतात. बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणी निघाल्या की याच भाज्यांची नावं निघतात. ही विद्या कुठल्याच वहीत उतरली नाही. आपली आई अडाणी आहे असं आपणच सांगत फिरतो.

म्हणून येत्या १ सप्टेंबरला कमान नको, फ्लेक्स नको. तेवढ्याच वर्गणीत पत्र्याच्या पन्नास पाट्या होतात. वर मराठी नाव, खाली शास्त्रीय नाव, मग उपयोग. परवानगीचा अर्ज आधी द्यायचा, तारा आणि दोरी वापरायची, झाडाला खिळा ठोकायचा नाही. नावं तपासायला वनस्पतिशास्त्राची मुलंमुली पाहिजेत, आणि त्यांच्यासोबत वस्तीतल्या दोन-चार आज्या. आज्यांना आणायला रिक्षा लागेल, तिचं भाडं मी देतो.