पहिल्या तासाचे अर्थशास्त्र

पावसाळ्याच्या रात्री अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीवर निजलेल्या मजुराला मण्यार डसते तेव्हा त्याला जाग येतेच असे नाही. दंशाच्या जागी सूज नाही, विशेष वेदना नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, आणि मग श्वास मंदावतो. अशा रोग्याला अकोल्यास हलविणे, हाच व्यवस्थेचा ठरलेला उपचार होय. अंतर सुमारे ४५ किलोमीटर. ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर्णेवरील गांधीग्रामच्या पुलाला तडा जाऊन वाहतूक बंद झाली, तेव्हा वळसा घेणे भाग पडून तेही अंतर वाढले. विषाला मात्र पूल बंद असल्याची वार्ता कोणी दिलेली नसते.

तातडीचे वैद्यक म्हटले की महानगरांतील अतिदक्षता विभाग आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. भारतीय वैद्यक परिषदेने या शाखेला स्वतंत्र पदव्युत्तर विषय म्हणून मान्यता दिली तीही २००९ च्या सुमारास. परंतु या विषयातील भारताचे एक अत्यंत महत्त्वाचे संशोधन त्यापूर्वी पाव शतकाहून अधिक काळ आधी, रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात सुरू झालेले होते. आणि ते करणाऱ्या डॉक्टरापाशी या शाखेची पदवी नव्हती. ती तेव्हा अस्तित्वातच नव्हती.

डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचा जन्म १९५१ चा, जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यातल्या देहेड या खेड्यातला, एका गरीब शेतकरी कुटुंबातला. नागपुरात वैद्यकीय शिक्षण घेऊन १९७६ मध्ये ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने तेथे धडधाकट माणसे आणि विशेषतः मुले दगावत. रोग्याला ओकाऱ्या होत, दरदरून घाम फुटे, हातपाय बर्फासारखे गार पडत. पुढे फुप्फुसांत पाणी भरून तोंडातून फेस येई. ग्रंथांत यावर उपाय नव्हता. बावस्करांनी रोग्याच्या खाटेशेजारी रात्रंदिवस बसून नाडी, रक्तदाब, हृदयाचे ठोके यांच्या नोंदी ठेवल्या. १९८२ मध्ये त्यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्यास एम.डी. होऊनही ते महाडलाच परतले, ही गोष्ट त्या निबंधाहून लहान नाही.

विंचवाच्या विषामुळे शरीरातील स्रावांचे जणू वादळ उठते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदय थकते, हे ध्यानात आल्यावर त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबावरची गोळी वापरून पाहिली. ती नवी नव्हती व महागडीही नव्हती. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी सुमारे ४० टक्के मरत. प्राझोसिननंतर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले, असे बावस्करांच्या लेखनात नमूद आहे. पुढे पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी प्रतिविषाचीही चाचणी घेतली. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत ७० रोगी होते. प्राझोसिन व प्रतिविष दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले. केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी आठ.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावयास हवे. मूळच्या कंपनीने ही गोळी विकली ती रक्तदाबासाठी. विंचू चावलेल्या अनवाणी मजुरासाठी तिची परीक्षा घेण्यात कोणत्याही कंपनीचा लाभ नव्हता. ज्याची क्रयशक्ती नाही त्याचे दुखणे बाजाराला मागणी म्हणून दिसतच नाही. अशा ठिकाणी संशोधन करणे हे शासनाचे काम. ते सरकारी केंद्रात सुरू झालेही. परंतु पुढील बरेचसे काम झाले ते बावस्करांच्या स्वतःच्या लहानशा रुग्णालयात. शासनाने २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री दिली. ती यथायोग्यच होती, तथापि सन्मानाने एक सोय होते: जे व्यवस्थेने करावयाचे ते एका माणसाच्या हट्टावर ढकलता येते आणि त्या हट्टाला आदर्श म्हणता येते.

याच बावस्करांनी २०१३ च्या सुमारास, रोगी पाठविल्याबद्दल एका तपासणी केंद्राकडून आलेला १२०० रुपयांचा धनादेश नाकारून वैद्यक परिषदेकडे तक्रार केली होती. पुरस्काराच्या वेळी हा भाग कमी आठवला जातो.

वऱ्हाडातील प्रश्न विंचवाचा नसून सापाचा आणि फवारणीचा आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे मेली, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यांतील बहुसंख्य खेड्यांतील होती. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. दोन्हींवरचे उपाय ज्ञात आहेत. फवारणीच्या अनेक विषांवर ॲट्रोपिन चालते. मण्यारीच्या दंशावर प्रतिविष हवे, आणि श्वास परत येईपर्यंत फुगा दाबून हवा देणारा हात हवा. यांत अकोल्यावाचून होणार नाही असे, निदान पहिल्या तासात, काही नाही.

हवी आहेत ती माणसे. तालुक्याच्या रुग्णालयात रात्री जागा असलेला, नळी घालण्याचा सराव असलेला डॉक्टर. त्याला दर पावसाळ्यापूर्वी शिकविणारा कोणी. आणि तेथील प्रत्येक दंशाची व विषबाधेची नोंद महाविद्यालयापर्यंत नेणारी शिस्त. वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापकाची बढती तालुक्यात घालविलेल्या महिन्यांशी जोडली, तर याला नवी इमारतही लागणार नाही. सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याची योजना केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये जाहीर केली. तिचा हिशेब दिल्लीत मागण्यापेक्षा अकोटात मागावा: रुग्णालयात प्रतिविषाच्या कुप्या किती आहेत, आणि रात्री दोन वाजता त्या टोचणारा कोण आहे?