नांवाबाहेरचे वादक

जुन्या आणि कीर्तिवंत रॉक बँडांविषयीं जें लेखन होतें त्यांत दोन मतें वारंवार आढळतात. तीं परस्परविरोधी दिसत असलीं तरी एकाच चुकीच्या समजुतीवर उभीं आहेत, असें मला वाटतें. पहिलें मत भाविक रसिकांचें. मूळचे गडी गेले, त्यांच्या जागीं पगारी माणसें आलीं, आतां त्या नांवांत राम उरला नाहीं, असें ते म्हणतात. दुसरें मत व्यवहारी माणसांचें. नांव ज्यांचें आहे त्यांचें आहे. बाकीचे वादक कामापुरते बोलावलेले, त्यांना त्याचे दाम मिळतात, मग तक्रार कसली, असा त्यांचा सवाल असतो. पहिला पक्ष या वादकांना उपरे समजतो, दुसरा त्यांना नोकर समजतो. त्या कलेचे वाटेकरी मात्र त्यांना दोघांपैकीं कोणीच समजत नाहीं. प्रस्तुत लेखाचा रोख या दोन्ही पक्षांवर आहे.

इंग्रजींत अशा वादकास ‘साइडमन’ म्हणतात. म्हणजे बाजूचा माणूस. बँडबरोबर तो गांवोगांव फिरतो, रोज रात्रीं हजारों लोकांसमोर वाजवितो, आणि बँडचें छायाचित्र काढण्याची वेळ आली कीं बाजूला उभा राहतो. चर्चा हवेंत राहूं नये म्हणून एकच प्रसिद्ध उदाहरण घेऊन तें नीट तपासून पाहूं.

रोलिंग स्टोन्स हा बँड १९६२ सालीं लंडनमध्यें उभा राहिला. त्याचा बेस गिटारवादक बिल वायमन त्याच वर्षाच्या अखेरीस आंत आला आणि जानेवारी १९९३ मध्यें त्यानें बँड सोडल्याचें जाहीर झालें. त्याची सेवा सुमारें तीस वर्षांची. त्याच्या जागीं शिकागोचा डॅरिल जोन्स आला. १९९४ च्या सफरीपासून २०२४ च्या अमेरिकेंतील सफरीपर्यंत बेस वाजविण्याचें काम त्यानेंच केलें. म्हणजे त्याचींहि तीस वर्षें भरलीं. वायमन सभासद होता. जोन्स २०२४ च्या त्या सफरींतहि सभासद नव्हता. एप्रिल २००३ मध्यें हा बँड बंगळूर आणि मुंबई येथें येऊन गेला. तेव्हां मुंबईकरांनीं जो बेस ऐकला तो जोन्सचाच. परंतु त्या दिवशींच्या अधिकृत चार नांवांत त्याचें नांव शोधून सांपडणार नाहीं.

ज्यांचा या संगीताशीं परिचय नाहीं त्यांच्यासाठीं सांगितलें पाहिजे कीं, बेस हें शोभेचें वाद्य नव्हे. ड्रमची लय आणि गिटारीचे सूर यांची गांठ त्या खर्जाच्या तारांवर पडते. तो खर्ज काढून घेतला तर गीत पाया खचलेल्या भिंतीसारखें डोलूं लागतें. पियानोचीहि तीच कथा. चक लेव्हेल हा १९८२ पासून या बँडबरोबर पियानो वाजवीत आला. तोहि सभासद नाहीं. ऑगस्ट २०२१ मध्यें ड्रमवादक चार्ली वॉट्स निवर्तला आणि पुढच्याच महिन्यांत सुरू झालेल्या सफरींत त्याच्या आसनावर स्टीव्ह जॉर्डन बसला. तेव्हांपासून सभासद उरले तीन : मिक जॅगर, कीथ रिचर्ड्स आणि रॉनी वुड. एक गळा आणि दोन गिटार. लयीचा सारा भार, ड्रम आणि बेस दोन्ही, आतां नांवाबाहेरच्या माणसांच्या खांद्यावर आहे. ज्या संगीताचा प्राण लय, त्याची लय सांभाळणारा एकहि मनुष्य अधिकृत नसावा, ही स्थिति विचित्र नव्हे काय?

यावर पहिला आक्षेप इतिहासाचा. सभासदत्व हें सुरुवातीच्या हालअपेष्टांचें फळ आहे. ज्यांनीं मोडक्या गाडींतून प्रवास केला आणि अर्धपोटीं रात्री काढल्या, त्यांचेंच तें नांव, असें म्हणतात. हा दावा ऐकावयास उदात्त आहे. पण खुद्द याच बँडनें तो पाळलेला नाहीं. १९६२ सालीं ब्रायन जोन्स यानें वादक पाहिजेत अशी जाहिरात दिली, तेव्हां तिला सर्वांत आधीं उत्तर देणारा मनुष्य म्हणजे पियानोवादक इयन स्टुअर्ट. त्याच्यापेक्षां मूळचा तो कोण असणार? परंतु १९६३ च्या मे महिन्यांत नवा व्यवस्थापक अँड्र्यू ओल्डम यानें ठरविलें कीं, सहा माणसें फार होतात आणि स्टुअर्टचा चेहरा तरुण पोरींना भुरळ पाडणारा नाहीं. स्टुअर्टचें नांव गळलें. माणूस मात्र गेला नाहीं. त्यानें सामानाची गाडी हांकली, वाद्यें लावलीं, पियानो वाजविला, आणि १९८५ च्या डिसेंबरांत मरेपर्यंत बँडची संगत सोडली नाहीं. हालअपेष्टांवरून नांव मिळत असतें तर तें याला पहिल्यानें मिळावयास हवें होतें. १९८९ सालीं रॉक संगीताच्या कीर्तिमंदिरांत या बँडला प्रवेश मिळाला, तेव्हां सभासदांच्या यादींत स्टुअर्टचें नांव घालण्यांत आलें. म्हणजे त्याचा हक्क सर्वांना ठाऊक होता. तो मान्य करण्यास फक्त त्याच्या मरणाची वाट पाहावी लागली!

दुसरा आक्षेप व्यवहाराचा, आणि तो अधिक वजनदार आहे. सभासद म्हणजे भागीदार. भागीदारास नफा मिळतो तसा तोटाहि सोसावा लागतो. पगारी वादकास तोट्याची धास्ती नसते. हें खरें आहे, आणि याचें एक मासलेवाईक उदाहरण पिंक फ्लॉइड या दुसऱ्या इंग्रज बँडच्या इतिहासांत आहे. त्याचा संस्थापक पियानोवादक रिचर्ड राइट याला १९७९ मध्यें ‘द वॉल’ या ध्वनिमुद्रिकेच्या कामांत सभासदत्वावरून दूर केलें गेलें. पण १९८० व ८१ च्या प्रयोगांत त्याला पगारावर घेतलें. त्या प्रयोगांचा खर्च अवाढव्य होता, त्यांत तोटा आला, आणि तो तिघां भागीदारांनीं भरला. चौघांत पदरीं पैसा पडला तो एकट्या राइटच्या! तेव्हां पगारी वादकाची प्रत्येक वेळीं लूट होते असें मी म्हणत नाहीं. कांहींना उत्तम वेतन मिळतें, आणि पुष्कळ जण समाधानी असतात, हेंहि मला मान्य आहे.

परंतु या कबुलीनें माझा मुद्दा ढिला पडत नाहीं, उलट घट्ट होतो. वाद पैशाचा नसेल तर मग नांव देण्यास अडचण कोणती? भागीदारी आणि सभासदत्व या दोन गोष्टी एकमेकींना शिवून टाकलेल्या आहेत असा जो देखावा केला जातो, तो रॉनी वुडच्या उदाहरणानें फाटतो. वुड १९७५ च्या सफरींत या बँडबरोबर आला, थोड्याच अवधींत सभासद म्हणून जाहीर झाला, आणि १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत पगारावरच राहिला. त्या सबंध काळांत मुखपृष्ठावर त्याचें छायाचित्र होतें, भित्तिपत्रकावर नांव होतें. नफ्यांत वांटा तेवढा नव्हता. तात्पर्य, वांटा न देतांहि नांव देतां येतें, आणि तें याच घरांत देऊन झालेलें आहे. वुडला जें जमलें तें जोन्सला जमूं नये याचें कारण हिशेबाच्या वहींत सांपडत नाहीं.

तिसरा आक्षेप कलेचा. हे लोक दुसऱ्यानें निर्माण केलेले सूर फक्त परत वाजवितात. यांत निर्मिति कोठें आहे, असें विचारतात. ज्यानें कधीं जुनी चीज दुसऱ्याच्या गळ्यांत उतरतांना ऐकली नाहीं त्यानेंच हा प्रश्न करावा. दुसऱ्यानें बसविलेलें गीत वाजवितांना वादकाच्या दोन्ही बाजूंना खड्डे असतात. हुबेहूब नक्कल केली तर गीत मुडदा होतें. आपलें चातुर्य दाखविलें तर तें दुसरेंच कांहीं होतें. मधल्या अरुंद पायवाटेनें तीस वर्षें चालणें हीच त्याची साधना. डॅरिल जोन्स हा एकविसाव्या वर्षीं, १९८३ मध्यें, माइल्स डेव्हिससारख्या जॅझच्या महापुरुषाच्या वृंदांत वाजवूं लागला होता. एवढी विद्या पदरीं असलेल्या माणसानें रॉकच्या साध्या चालींत आपली बोटें आवरून धरावींत, आणि तरीहि त्या चालीला आंतून उसळी द्यावी, हें काम सोपें असतें तर कोणींहि केलें असतें.

लेव्हेलचें काम तर याहून अदृश्य. बँडच्या गीतांचीं टिपणें त्यानें हातानें लिहून वह्यांत जपलीं आहेत : कोणतें गीत कोणत्या पट्टींत, कोणत्या लयींत, त्याची बांधणी कशी. त्या रात्रीं काय गावयाचें हें ठरवितांना त्याचा सल्ला घेतला जातो. रंगमंचावर गीताचें वळण जवळ आलें कीं इशारा तो देतो. सहा दशकांच्या संगीताची ही स्मृति ज्याच्या स्वाधीन आहे, त्याला उपरा म्हणणारे भाविक रसिक आपल्या दैवताचीच अवहेलना करीत आहेत. मूळचें तेज आज जें टिकलें आहे, त्यांतील पुष्कळसें या ‘उपऱ्यांनीं’ टिकविलें आहे.

येथें एखादा चतुर वाचक आमच्या मैफलीचा दाखला देईल. आमच्याकडेहि गवयाचें नांव मोठ्या अक्षरांत आणि तबलजीचें लहान अक्षरांत असतें. मग साहेबाला काय म्हणून दोष द्यावा? पण या दोहोंत एक मूलभूत भेद आहे. मैफल एका व्यक्तीच्या नांवानें भरते. गवई आपल्या नांवानें गातो, साथीदार आपल्या नांवानें साथ करतो, आणि श्रोत्याची कसलीहि दिशाभूल होत नाहीं. बँडचें नांव मात्र समूहाचें असतें. ‘आम्ही सर्व मिळून हें संगीत आहों’ अशी त्या नांवाची प्रतिज्ञा असते, आणि रॉक संगीताच्या लोकप्रियतेचा मोठा भाग या प्रतिज्ञेवरच उभा आहे. एकट्या जॅगरनें आपल्या नांवानें जाहिरात केली असती, तर जोन्सच्या वतीनें मीं लेखणी उचललीच नसती. समूहाचें नांव लावावयाचें, समूहाचें काम करून घ्यावयाचें, आणि समूह मोजण्याची वेळ आली म्हणजे तिघांवर थांबावयाचें, हें असत्य आहे. आणि अन्यायापूर्वीं मला तें असत्य म्हणून खटकतें.

न्यायाचें सांगावयाचें तर, प्रत्येक कार्यक्रमांत जॅगर या वादकांचीं नांवें घेऊन श्रोत्यांना त्यांची ओळख करून देतो. हा त्याचा चांगुलपणा. परंतु त्या ओळखीचा क्रमहि पाहण्यासारखा असतो : आधीं साथीदार, मग सभासद. टाळ्यांची दोन पंगतींत वांटणी होते, आणि दिवे मालवले कीं पहिल्या पंगतीचें नांव विरून जातें.

‘आज नाहीं तर उद्यां इतिहास न्याय देईल’ या आश्वासनावर विसंबणें किती धोक्याचें, हें जॉनी जॉन्सनला विचारावयास हवें होतें. सेंट लुइस येथें १९५२ च्या शेवटच्या रात्रीं आपल्या त्रयींत एक जागा रिकामी झाली म्हणून या पियानोवादकानें चक बेरी नांवाच्या तरुणास बोलावलें. पुढें ती त्रयी बेरीची झाली, कीर्ति बेरीची झाली, आणि जॉन्सन बाजूचा माणूस झाला. गीतांच्या रचनेंत आपलाहि हात होता असा दावा घेऊन तो २००० सालीं न्यायालयांत गेला. २००२ मध्यें, फार उशीर झाला या कारणावरून, तो दावा निकालांत निघाला. त्याचा दावा कितपत खरा होता हें ठरविण्याची वेळच आली नाहीं. कीर्तिमंदिरानें २००१ मध्यें त्याला आंत घेतलें, पण तें ‘साइडमन’ या आदल्याच वर्षीं उघडलेल्या निराळ्या दारानें. २०१० मध्यें त्या दारावरची पाटी बदलून अधिक गौरवाचे शब्द लिहिण्यांत आले. दार मात्र निराळेंच राहिलें.

हा प्रश्न केवळ गाण्याबजावण्याचा असता तर मीं त्यावर इतकी शाई खर्च केली नसती. आमच्या महाविद्यालयांत ‘तासिका तत्त्वावर’ नेमलेले अध्यापक वर्षानुवर्षें तोच वर्ग, तोच अभ्यासक्रम शिकवितात; विद्यार्थ्यांच्या लेखीं तेच ‘सर’ आणि तेच ‘मॅडम’; परंतु कायम सेवकांच्या पटावर त्यांचें नांव नसतें. त्यांच्या बाबतींत तर दामहि अपुरे. जोन्सचें वैभव आणि त्यांचें दारिद्र्य यांची तुलना मी करीत नाहीं. दोहोंच्या मुळाशीं असलेली युक्ति मात्र एकच आहे : काम कायमचें ठेवावयाचें आणि माणूस तात्पुरता म्हणावयाचा.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जो वादक दहा वर्षें अखंड एका बँडबरोबर उभा राहिला, त्याचें नांव सभासदांत घालावें. त्याला नफ्यांत वांटा द्यावा कीं न द्यावा, हें त्यांनीं आपसांत ठरवावें. ज्या गीतांच्या रचनेंत त्याचा हात नाहीं त्यांवर त्याला हक्क सांगूं देऊं नये. पण समूहाच्या नांवांत समूह असावा. ज्यांना हें मान्य नसेल त्यांनीं बँडचें नांव खालीं उतरवून आपलीं तीन नांवें वर लावावींत. तेंहि प्रामाणिक होईल. आणि रसिकांनीं, पुढच्या वेळीं त्या जुन्या गीताची लय अंगांत भिनूं लागली म्हणजे, ती कोणाच्या हातांतून येत आहे हें एकदां मान वळवून पाहावें.